डाव्या हाताचा अंगठा

१२ जानेवारी

खडू,

तुझं पत्र पोचलं. कागद चांगला जाड आहे, मजकूर मात्र फार पातळ केला आहेस. आशीर्वाद वगैरे मागाहून बघू. आधी उत्तर घे.

नाही.

रुग्णालयातल्या बायकांच्या प्रतीक्षागृहातलं माझं चित्र तुझ्या प्रदर्शनात येणार नाही. चित्र आता रुग्णालयाचं असलं तरी माझ्या लेखी संमतीशिवाय ते भिंतीवरून हलवायचं नाही, ही अट मी देतानाच घातली होती. तुला वाटलं असेल, म्हातारी विसरली असेल. म्हातारी झाले आहे, पण विसरले काहीच नाही.

तू लिहितेस की ते चित्र, ‘चादर पिळणारी’, ही तुझी पहिली प्रेरणा. माझ्या वर्गात हा शब्द उच्चारणाऱ्याला मी ब्रश धुवायला बसवते. तू स्वतः कितीदा धुतले आहेस. पहिल्या दिवशी तू कोपऱ्यात बसून खडू खाताना सापडलीस. मी विचारलं, “का गं, भूक लागली का?” तू म्हणालीस, “नाही बाई, पांढऱ्याची चव बघते.” तेव्हापासून सगळा वर्ग तुला खडू म्हणायला लागला. ते मला पटलं होतं. हे पटत नाही.

मला ते चित्र कशानं सुचलं, ते तुझ्या प्रदर्शनाच्या संयोजिकाबाईंना खुशाल सांग. माझ्या वर्गाच्या खिडकीखाली शिंप्याचं मागचं आवार आहे. तिथे तुझी आई धुण्याची कामं करायची. एक दिवस मी ब्रश झटकायला खिडकीशी गेले आणि तिला चादर पिळताना पाहिलं. एक हात इकडे जाणारा, दुसरा तिकडे, आणि मधून पाण्याची धार. मला त्यात ना कुणाचं दुःख दिसलं, ना कुणाचा आत्मा. दोन हात दिसले. मी खाली गेले आणि तिला म्हटलं, “असंच धरून ठेवता येईल का?” ती म्हणाली, “धरून ठेवलं तर वाळायचं कधी?” माझी प्रेरणा ती एवढीच.

सोबतचं माहितीपत्रक वाचलं. त्यात कुणा विद्वानानं लिहिलंय की तुझ्या चित्रांतल्या बायकांना हात दिसत नाहीत. कुणाचे पाठीमागे, कुणाचे शालीखाली, कुणाचे दाराआड. ‘शतकानुशतकं नाकारलेल्या कर्तृत्वाची ही मूक खूण’ म्हणे. हे वाचून मी इतकी हसले की खालच्या शिंप्यानं लाकडी गजानं छत ठोकलं आणि ओरडून विचारलं, “बाई, बऱ्या आहात ना?”

मी बरी आहे. तू हात का काढत नाहीस ते मला माहीत आहे, तुलाही माहीत आहे, आणि त्या विद्वानाला कधी कळणार नाही. हे असंच राहू दे.

उत्तर पाठवायची तसदी घेऊ नकोस.

बाई


२ फेब्रुवारी

खडू,

तसदी घेतलीसच.

यावेळी निदान लपवाछपवी केली नाहीस, एवढं बरं. प्रेरणा वगैरे सगळं संयोजिकाबाईंचं होतं, तुला फक्त डावा हात हवा आहे, असं सरळ लिहिलंस. ‘आईचा एकही फोटो धड नाही. तिचा एवढाच हात उरलाय, आणि तो मी काढलेला आहे.’ ही तुझी वाक्यं. मी ती दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जास्त आला.

तुझी आई गेल्याचं मला शिंप्यानं सांगितलं. गजावर कापड मोजता मोजता सांगितलं, आणि तेही मी बटण लावून घ्यायला गेले होते म्हणून. तू कळवलं नाहीस. तीन हिवाळे तिनं माझ्यासमोर उभं राहून चादर पिळली, माझ्या हातचा चहा प्यायली, मला ‘बाई, तुमच्या नाकाला निळा लागलाय’ असं तोंडावर सांगायची. मला कळवायला हवं होतं. तू मला शिक्षा करायला गेलीस आणि त्यात तिला ओढलंस.

आता हाताचं. तू आठवण करून देतेस, तशी मीही देते. भावाची प्रकृती बिघडली म्हणून मी दोन दिवस गावाला गेले. परत आले तर इझलवरच्या माझ्या चित्रात, माझ्या कॅनव्हासवर, डावा हात नवा. कुणी काढला हे विचारायची गरज नव्हती. तू फळ्याशी उभी होतीस आणि तुझ्या कोपरापर्यंत मातकट रंग होता. वर्गातला एकमेव नियम, जो मी पहिल्याच दिवशी सांगते: दुसऱ्याच्या कागदाला हात लावायचा नाही. मी स्वतः कुणाच्या चित्राला कधी बोट लावलेलं नाही. सुधारायचं असेल तर शेजारी माझा कागद ठेवून त्यावर दाखवते. माझ्या कॉलेजातले मास्तर आमच्या चित्रांवर ब्रश फिरवायचे. वर्षभरानं आमच्या सगळ्यांची चित्रं त्यांचीच दिसायला लागली. त्यांच्यासारखं व्हायचं नाही एवढं ठरवून मी शिकवायला लागले. तो नियम तू मोडलास, आणि माझ्याच चित्रावर मोडलास.

“बाई, आईचा अंगठा असा नव्हता,” तू म्हणालीस.

“माझ्या चित्रात तो कसा असावा ते मी ठरवणार.”

“पण तुम्ही तो सरळ केलात. तो वाकडा आहे. दारात चेंगरला होता.”

“ब्रश खाली ठेव. पुन्हा कधी हात काढलास तर स्वतःच्या कागदावर काढ. जा.”

सगळ्या वर्गादेखत म्हणाले, हो. पुन्हा म्हणेन. तू गेलीस आणि तेव्हापासून कुणाच्याच कागदावर हात काढला नाहीस. या हट्टाला विद्वान लोक खूण म्हणतात. मी त्याला रुसवा म्हणते. फार मोठा, चांगल्या फ्रेममध्ये बसवलेला रुसवा.

चित्र रुग्णालयाला द्यायची तारीख चार दिवसांवर होती. मी ते तसंच दिलं. सही माझी आहे. एका हातानं चित्र कुणाचं होत नाही.

आणखी एक. तू कुठल्याशा मुलाखतीत म्हणाली आहेस की ‘माझ्या बाईंनी शिकवण्यापायी स्वतःची कला वाहून टाकली.’ हे तुझ्याकडून ऐकायचं होतं! मी काही वाहिलं नाही. सकाळी स्वतःचं काम करते, दुपारनंतर वर्ग घेते, आणि दुपारनंतर जे पाहते त्यावर सकाळ चालते. तुला हे कधी कळणार नाही, कारण तू आरशासमोर बसून रंगवतेस.

सध्या वर्गात एक निवृत्त बसचालक आहेत. आम्ही त्यांना बसवाले काका म्हणतो. आले त्या दिवशी म्हणाले, “बाई, जन्मभर आरशात मागचं बघितलं, आता जरा पुढचं बघावं म्हणतो.” त्यांनी रस्ता काढला आणि झाडाच्या सावलीत नळीतला काळा ओतला. मी म्हटलं, काळी नसते सावली. ते म्हणाले, “मला सांगता? सगळा जन्म रस्त्यावर गेला माझा.” मी त्यांना खिडकीशी नेलं. समोरच्या भिंतीवर खांबाची सावली पडली होती. “काळं दाखवा.” बराच वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “निळी आहे हो. इतकी वर्षं मी निळ्यावरून गाडी चालवली आणि कुणी बोललं नाही!” त्या दिवशी ते घरी जायलाच तयार नव्हते. आवारात फिरून प्रत्येक सावलीचा रंग सांगत बसले. शिंप्यानं शेवटी त्यांना हाकललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक सावली रंगवली. इतकी वर्षं मीही ती ठरलेल्या निळ्यात रंगवत होते, न बघता. काय वाहून टाकलं मी? सांग.

संमती नाही.

बाई


२१ फेब्रुवारी

खडू,

हे पत्र मी आपणहून लिहिते आहे, म्हणून चढून जाऊ नकोस. कळवणं माझं कर्तव्य आहे, म्हणून कळवते.

रुग्णालयाच्या अधीक्षिकाबाईंचा फोन आला होता. प्रतीक्षागृहाच्या त्या भिंतीला ओल आली आहे आणि चित्राचे पोपडे पडायला लागलेत. “बाई, खालच्या बाकावर बसणाऱ्या बायकांच्या डोक्यावर रंग पडतो. एकीला वाटलं, छतच कोसळतंय.” मी वर्गातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना घेऊन गेले, कारण गाडी त्यांची आहे आणि त्यांना गप्प बसता येतं. निदान मला तसं वाटत होतं.

चित्र बघितलं. चादर ठीक. पाणी ठीक. चेहरा ठीक. उजवा हात जसा मी ठेवला होता तसा, एक रेघ हललेली नाही. डावा हात मात्र उन्हात तडकलेल्या चिखलासारखा झालाय. करंगळी गेली. मनगटाशी कॅनव्हासचं सूत दिसतं. अंगठा लोंबतोय.

का, ते तुला पुन्हा शिकवते, कारण पहिल्यांदा तुझं लक्ष नव्हतं. तेलाचा जाड थर ओला असताना त्यावर टर्पेंटाइननं पातळ केलेला रंग द्यायचा नसतो. वरचा आधी वाळतो, खालचा नंतर सावकाश आकसतो, आणि वरच्याला धरून ठेवायला काही उरत नाही. दोन दिवसांत उरकायचं म्हणून तू पातळ रंग वापरलास. चोरीच्या घाईत एवढं साधं विसरलीस. माझा एकही पहिल्या वर्षाचा विद्यार्थी ही चूक करणार नाही.

तुझ्या रंगाखालचा थर एवढा जाड आणि तेलकट का होता, असं तू विचारशील. मी त्या महिन्यात तो हात पुन्हा पुन्हा खरवडून त्यावरच नवा काढत होते. बस.

डॉक्टरीणबाई बाकावर बसून चित्र बघत होत्या. मी त्यांना गेली दोन वर्षं एकच गोष्ट शिकवते आहे: काय माहीत आहे ते काढू नका, काय दिसतंय ते काढा. त्यांना दिवसभर लोकांच्या तोंडात बघायची सवय असल्यामुळे त्या लवकर शिकल्या. त्या म्हणाल्या, “बाई, एक विचारू? रागावू नका.”

“रागावणं माझ्यावर सोपवा. विचारा.”

“उजवा हात तुमचा आहे. सुंदर आहे. पण डावा ज्यानं काढलाय, त्यानं तो हात रोज बघितलेला असणार. त्याचं जेवणसुद्धा त्याच हातचं असणार.”

मी म्हटलं, “दात बघा तुम्ही लोकांचे.”

त्या गाडी काढायला उठल्या. पण शिकवण्याचं फळ कसं असतं बघ. आपण एखाद्याला नीट बघायला शिकवायचं, आणि त्यानं पहिल्यांदा आपल्याकडेच नीट बघायचं. हे फळ मला आवडलं नाही. तरी ते फळच आहे. असं फळ कुठल्याही प्रदर्शनातून मिळत नाही.

अधीक्षिकाबाईंनी हात दुरुस्त करून द्यायला सांगितलं आहे. मी हो म्हटलं आहे. येत्या बुधवारी सकाळी मी रंगपेटी घेऊन जाणार, उरलेला हात सुरीनं खरवडणार आणि माझा काढणार. या वेळी मला घाई नाही, थर नीट वाळू देणार. मग ते चित्र सगळंच्या सगळं माझं होईल आणि हा वाद मिटेल.

तुला आधी सांगितलं नाही असं नंतर म्हणू नकोस.

बाई


२८ फेब्रुवारी

खडू,

तुझं कार्ड मंगळवारी आलं. एकच ओळ. ना मायना, ना सही.

‘बाई, दुसऱ्याच्या कागदाला हात लावायचा नाही.’

उद्धट कार्टी. माझंच वाक्य मलाच टपालानं पाठवायचं!

त्या ओळीमुळे मी थांबले असं समजू नकोस. बुधवारी सकाळी मी ठरल्याप्रमाणे गेले. शिपायानं स्टूल आणून दिलं. बाकावरच्या बायकांना अधीक्षिकाबाईंनी उठवायला सुरुवात केली तशी एक आजी म्हणाल्या, “आम्ही बसतो की. आमचा नंबर लागेपर्यंत तेवढीच करमणूक.” मी म्हटलं, बसा. मला मागून बघणाऱ्यांची सवय आहे.

रंग कालवला. त्वचेचा रंग मला डोळे मिटून जमतो. सुरी काढली आणि अंगठ्याला लावली.

अंगठा वाकडा आहे, खडू. पेरापासून बाहेर गेलेला, नख अर्ध्यात दुभंगलेलं. आणि पिळताना जोर तिथे येत नाही, तो तळव्याच्या कडेला येतो, कारण दुखऱ्या अंगठ्यावर ती जोर देतच नव्हती. हे तू दाखवलं आहेस. तीन हिवाळे ती माझ्यापुढे उभी होती. मला हे दिसलं नव्हतं. मला तो अंगठा नुसता वाईट दिसत होता, म्हणून मी तो सरळ करायला बघत होते आणि तो बसत नव्हता. बसणार कसा? जोरच खोटा होता.

मागून त्या आजी म्हणाल्या, “त्याला हात लावू नका हो बाई. त्या अंगठ्यामुळेच ती खरी वाटते. माझ्या सासूबाईंचा असाच होता, शेवटपर्यंत त्यांनी तो कुणाला दाखवला नाही.”

अधीक्षिकाबाई म्हणाल्या, “करताय ना सुरू? मला वॉर्डात जायचंय.”

मी सुरी पुसली. म्हटलं, “मला हे दुरुस्त करता येणार नाही.”

“का? तुमचंच चित्र ना?”

“चित्र माझं आहे. हा हात माझा नाही. माझ्या वर्गात दुसऱ्याच्या कामाला हात लावत नाहीत.”

“मग कुणाचा आहे?”

मी तुझं नाव सांगितलं. खडू नव्हे, जे माहितीपत्रकावर छापलंय ते. अधीक्षिकाबाईंनी ते पेपरात वाचलं होतं. त्यांनी एकदा चित्राकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाल्या, “त्या हात काढत नाहीत ना पण?”

“काढते,” मी म्हटलं. “हा काय.”

तेव्हा आता नीट वाच, पुन्हा लिहिणार नाही.

संमतीपत्र सोबत जोडलं आहे. चित्र तुझ्या प्रदर्शनात येईल, पण हात दुरुस्त झाल्याशिवाय खिळ्यावरून हलणार नाही, आणि तो हात तू येऊन दुरुस्त करायचा आहेस. माणूस पाठवायचा नाही. तिथल्या तिथे, त्या बायकांच्या समोर, स्टुलावर उभं राहून करायचा. स्वतःचे ब्रश आण, माझे मिळणार नाहीत. तेल माझ्याकडून घे, कारण तुझ्या तेलावर माझा विश्वास नाही. उरलेलं सगळं आधी खरवडून काढ, माझा जाड थरसुद्धा. कॅनव्हासपर्यंत जा आणि तिथून वर ये. थर वाळेपर्यंत थांबावं लागेल. थांब. वर्गाच्या मागची खोली रिकामी आहे, तिचं दार अजून लागत नाही, आणि खाली शिंपी पहाटेपासून मशीन चालवतो. तक्रार करायची नाही.

चित्राखालच्या पट्टीवर माझं नाव लिही, आणि त्याखाली ‘डावा हात’ असं लिहून तुझं. त्याहून एक शब्द जास्त नको. ‘प्रेरणा’ हा शब्द मला कुठे दिसला तर मी स्वतः येऊन चित्र उतरवून नेईन.

गळून पडलेले पोपडे त्या शिपायानं केरात टाकले नव्हते, ही त्याची कृपा. मी ते काडेपेटीत ठेवले आहेत. करंगळीचा चुरा झालाय. लोंबणारा अंगठा पडून हरवू नये म्हणून निघताना सुरीनं अलगद उचलला, तो अख्खा आला. तुला बघून काढायला उपयोगी पडेल. तुझी आई कशी होती ते तुला आठवत असेलच, पण आठवणीवर काढू नये, हे तुला मी आणि तिनं, दोघींनी शिकवलं आहे.

शनिवारी वर्ग असतो. त्या दिवशी आलीस तर बसवाले काका तुला सावलीचे रंग विचारतील. उत्तर न बघता देऊ नकोस, ते पकडतात.

आणि एक शेवटचं. उजवा हात माझा आहे. त्यात काही चुकलंय असं तुला स्टुलावरून दिसलं, तर शेजारी तुझा कागद ठेव आणि त्यावर दाखव.

बाई